अठ्ठेचाळीस गाठी

माझे बाबा कुठल्याही वाहनात बसले की तोंड मागे करून बसायचे. टांग्यात मागची बैठक असतेच, पण ते नावेतही तसेच बसायचे, बसमध्येही वळून बसायचे, आणि हद्द म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा. आई सांगायची, "मी नवरी मेली मुंडावळ्या सावरत पुढे बघतेय, आणि नवरदेव बग्गीत पाठमोरे. वरातीतले लोक म्हणाले, ह्याचा पळून जायचा बेत दिसतोय." आईनं लाजतलाजत कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पुढचं तू बघ, मागचं मी बघतो." चाळीस वर्षांचा संसार दोघांनी ह्याच वाटणीवर केला. घर बांधायचं का, मुलीला शिकवायचं किती, हे सगळं आईनं बघितलं. आणि दार नीट लागलंय ना, गल्लीत कोण येतंय, पाहुण्याची छत्री राहिली तर नाही, हे बाबांनी.

ही खोड त्यांना लढाईत लागली. दुसऱ्या महायुद्धात माझे बाबा बाँबर विमानावर होते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोन माणसांचं विमान असायचं. पुढे वैमानिक, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून, शेपटीकडे तोंड करून बाबा. त्यांच्याकडे मशीनगन आणि बिनतारी यंत्र. विमान नाक खाली करून सरळ खाली झेपावायचं, बाँब टाकायचं आणि वर उसळायचं. मी त्यांना विचारायची, "बाबा, खाली जाताना काय दिसायचं?" ते म्हणायचे, "आभाळ. मी उलटा ना, मला आभाळच दिसायचं. जमीन कशी असते ते हरनामला विचार." हरनामसिंग हा त्यांचा वैमानिक. पण त्याला विचारायची सोय नव्हती, कारण तो लढाईत गेला होता.

काशीतल्या दुर्गाघाटच्या मराठी वैदिक घराण्यातला मुलगा बाँबरवर गेला कसा, हे ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही. आजोबांनी त्यांना रामघाटच्या पाठशाळेत नानाशास्त्र्यांच्या हाताखाली घातलं होतं. नानाशास्त्री म्हणजे आमच्या गल्लीचे धर्मराज. हातात छडी, तोंडात ऋचा. तिथं एकेक मंत्र सरळ, उलटा, पुन्हा सरळ असा घोकून घेत. एकोणिसाव्या वर्षी बाबांनी तिथून धूम ठोकली आणि भरतीत नाव घातलं. तारेची कड-कट्ट भाषा शिकवणारा गोरा मास्तर तोंडात बोट घालून बसला म्हणे. तो शंभर खुणा वाजवायचा आणि बाबा त्या जशाच्या तशा म्हणून दाखवायचे, वर विचारायचे, "उलट्या म्हणून दाखवू का, साहेब?" पुढे आमच्या गल्लीत त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं आणि सगळं बनारस त्यांना रेडिओगुरू म्हणू लागलं. गिऱ्हाईक बडबड करायला लागलं की ते एक बोट वर करायचे. "तुम्ही थांबा. रेडिओला बोलू दे. दुखणं त्याला आहे."

मी त्यांची एकुलती एक मुलगी, शकू. मला बाबांचा एवढा अभिमान होता की काही विचारू नका. शाळेत मी त्यांच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची. चीनची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली होती, शाळाशाळांतून सैनिकांना बोलावून हार घालायचे दिवस होते. मी आठवीत होते. पंधरा ऑगस्टच्या आधी आमच्या बडी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, स्वतः आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढून आल्या. म्हणाल्या, गुरुजी, आपण मुलींसमोर दोन शब्द बोला. बाबा हातातला पेचकस खाली ठेवून उठले, हात जोडले आणि म्हणाले, "माफ करा. मी त्या लायकीचा नाही." बहनजींना तो विनय वाटला. त्यांनी आणखी आग्रह केला. तेव्हा बाबांचा चेहरा असा काही झाला की त्या मुकाट्यानं निघून गेल्या.

माझं तर नाक कापलं गेलं. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा मला घाटावर घेऊन गेले. गंगा चढलेली होती, खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. वरच्या पायरीवर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते तोवर त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं.

त्यांचं विमान गोळी लागून जंगलात पडलं. बाबांना खरचटलं होतं, पण हरनामचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. बाबांनी त्याला ओढून बाहेर काढलं, पॅराशूटची दोरी पायाला आवळून बांधली, पाणी जवळ ठेवलं. हरनाम म्हणाला, तू जा, माणसं घेऊन ये. आजूबाजूला जपानी होते. बाबा निघाले. परतीची वाट सापडावी म्हणून त्यांनी गळ्यातलं जानवं काढलं, त्याचा पीळ उलगडला आणि झुडपांना सुताच्या गाठी मारत गेले. अंतराचा अंदाज राहावा म्हणून पुरुषसूक्त म्हणायचे, दर ऋचेला एक गाठ.

"सूक्ताच्या सोळा ऋचा," बाबा म्हणाले. "तीन आवर्तनं झाली, नाला लागला आणि सूत संपलं. म्हणजे अठ्ठेचाळीस गाठी. पुढे नाल्यानाल्यानं गेलो. दुसऱ्या दिवशी आपली चौकी लागली. चार शिपाई घेऊन मी परत त्या नाल्यावर आलो."

"मग?"

"तिथं एकही गाठ नव्हती, शकू. एकसुद्धा नाही. आम्ही संध्याकाळपर्यंत जंगल तुडवलं. शिपाई माझ्याकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, पंडित, तू गाठी बांधल्यास की नुसताच पळालास?"

मी म्हटलं, "पण तुम्ही बांधल्या होत्यात ना?"

बाबा म्हणाले, "तेच तर मला कळत नाही. गळ्यात जानवं नव्हतं एवढं खरं. बाकी मी भ्यालो होतो, फार भ्यालो होतो. भ्यालेल्या माणसाला आपण काय केलं आणि काय केलंसं वाटलं ह्यातला फरक कळत नाही."

त्याच दिवशी त्यांना ताप भरला. हिवताप डोक्यात चढला आणि दोन महिने त्यांना शुद्ध नव्हती. इस्पितळात शुद्धीवर आले तेव्हा कारकुनानं यादीवरून बोट फिरवून सांगितलं, हरनामसिंग, मृत. बाबांनी त्याच्या गावी पत्रं घातली, उत्तर आलं नाही. मग फाळणी झाली आणि ते गावच पलीकडे गेलं. बाबा काशीला परतले ते बिनजानव्याचे. नानाशास्त्र्यांनी गल्लीत सगळ्यांदेखत विचारलं, "मुंज मोडून आलास?" बाबांनी खुलासा केला नाही. गुपचूप पुन्हा मुंज लावून घेतली आणि दर पितृपक्षात घरच्या पितरांबरोबर एक ओंजळ जास्तीची सोडायला लागले. हरनामचं गोत्र माहीत नव्हतं. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप गोत्राचा धरतात, म्हणून "काश्यपगोत्रं हरनामसिंहं सखायं तर्पयामि". वीस वर्षं ह्यात खंड पडला नव्हता.

"आता सांग," बाबा मला म्हणाले, "मी कुठल्या तोंडानं हार घालून घेऊ?"

माझा सगळा तोरा उतरला होता, आणि खोटं कशाला बोलू, त्या रात्री पहिल्यांदा माझ्याही मनात आलं की बाबा खरंच पळाले असतील तर. त्या विचाराची मला आजही लाज वाटते.

महिनाभरानं पितृपक्ष लागला. पाणी उतरलं होतं, पण पायऱ्यांवर घोटाभर गाळ. तिसरा की चौथा दिवस असेल. बाबा घाटावर गेले होते, आई तांदूळ निवडत होती आणि मी शाळेची वेणी घालत होते. दाराची कडी वाजली. दार उघडलं तर समोर एक धिप्पाड सरदारजी. दाढी निम्मी पांढरी, हातात काठी, एक पाय लाकडी. आमच्या बोळात दोन माणसं शेजारीशेजारी चालत नाहीत, त्यात हा मनुष्य एकटाच मावत होता. त्यानं आधी पगडी नीट केली, मग खाली बघत विचारलं, "बेटी, बिशनू पंडत का घर यही है? जो लड़ाई में गया था... और लौटा नहीं?"

बाबांचं नाव विष्णू. मी म्हटलं, "लौटे नहीं? कौन लौटे नहीं?"

"मैं उसकी माँ से मिलने आया हूँ," तो म्हणाला. "बीस साल से हिम्मत नहीं हुई. मेरा नाम हरनाम सिंग है."

आईच्या हातातलं सूप खाली पडलं. घरभर तांदूळ. माझ्या तोंडून एकदम निघालं, "आप तो मर गये हैं!" आईनं कपाळावर हात मारला. पण तो रागावला नाही. म्हणाला, "थोड़ा-सा. एक पैर." मग मी सांगितलं की बाबा जिवंत आहेत, घाटावर आहेत, आत्ता ह्या घटकेला तुमच्याच नावानं पाणी सोडतायत. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

पुढची दहा मिनिटं मला अजून डोळ्यांपुढे दिसतात. मी पुढे, अर्धी वेणी घातलेली, अर्धी सुटलेली. मागे खटखट करत सरदारजी. त्याच्यामागे आई. गल्लीतले लोक विचारतायत काय झालं, काय झालं, आणि मी ओरडतेय, "हटो भइया, हटो!" गाळावरून त्याचा लाकडी पाय सटकायला लागला तेव्हा दोन मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, त्याला बगलेत धरलं. खाली बाबा गुडघाभर पाण्यात, दक्षिणेकडे तोंड करून उभे. घरच्या पितरांचं आटोपलं होतं. त्यांनी ओंजळीत तिळाचं पाणी घेतलं, म्हणाले, "काश्यपगोत्रं हरनामसिंहं..." आणि वरून आवाज आला, "ओय पंडत, बस कर. पेट भर गया."

बाबा वळले. ओंजळ तशीच. पाणी बोटांतून गळून गेलं आणि हाताला तीळ तेवढे चिकटून राहिले. ते त्याच्याकडे बघत होते आणि त्याच्या पायाकडे बघत होते. मला वाटलं आता मिठी मारतील. पण नाही. त्यांनी जिवाच्या आकांतानं एकच प्रश्न विचारला, "मैंने गाँठें बाँधी थीं?"

सरदारजी म्हणाला, "अड़तालीस."

बाबा मटकन पाण्यातच बसले.

अड़तालीस म्हणजे अठ्ठेचाळीस. तो आकडा बाबांनी मला सोडून जगात कुणाला सांगितला नव्हता. मी आईचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. मग सरदारजीनं तिथंच पायरीवर बैठक मारून सगळं सांगितलं. बाबा चौकीकडे निघाले त्याच दिवशी आपल्याच फौजेची दुसरी एक तुकडी त्या नाल्यावर पाणी भरायला आली. हवालदाराला झुडपाला सूत दिसलं. मग दुसरं, मग तिसरं. तो माग काढत थेट हरनामपाशी पोचला. पण शत्रूलाही तीच वाट सापडू नये म्हणून त्यानं येतायेता प्रत्येक गाठ तोडून खिशात घातली होती. इस्पितळात हरनामचा पाय कापला, तेव्हा हवालदारानं ते सूत त्याच्या उशाशी आणून ठेवलं. "चार महिने पडून होतो," सरदारजी हिंदीत म्हणाला, "दुसरं काम काय? रोज मोजायचो. कधी सत्तेचाळीस भरल्या तर पुन्हा मोजायचो." यादीतला मेलेला हरनाम दुसराच निघाला, त्यांच्या बराकीत तीन होते. ह्याला मात्र कुणीतरी सांगितलं की तुझा गनर जंगलातून परतलाच नाही. मी त्याला जा म्हटलं म्हणून तो मेला, हे ओझं हा वीस वर्षं वागवत होता, फाळणीनंतर हिमालयाच्या पायथ्याशी तराईत शेती करत. ते सूत फाळणीत घराबरोबर गेलं. शेजारच्या एका म्हातारीला नवऱ्याच्या पिंडदानासाठी गयेला न्यायचं होतं, वाटेत काशी लागली, म्हणून अखेर धीर करून तो आमच्या दारात आला.

बाबा पाण्यात बसूनच ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते हळूच म्हणाले, "म्हणजे मी बांधल्या होत्या." आणि मग ते रडले. माझ्या बाबांना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं, आणि मला इतका आनंद झाला होता की मीही भोकाड पसरलं.

तोवर गर्दीतून वाट काढत नानाशास्त्री पायऱ्या उतरून आले होते. तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्यांनी सगळं ऐकलं. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विष्णू, मी तुला जानव्याचं विचारलं ते चारचौघांत. घरात घेऊन विचारायला हवं होतं. चुकलो." नानाशास्त्री चुकलो म्हणाले ही गोष्ट दुर्गाघाटानं पुढे कितीतरी वर्षं एकमेकांना सांगितली. मग ते लगेच शास्त्रावर आले. जिवंत माणसाला वीस वर्षं तर्पण दिलंय, आता ह्याचं निवारण काय? त्यांनी डोळे मिटले आणि निर्णय दिला. ज्याची क्रिया झाली तो जिवंत परतला तर त्याचा नवा जन्म धरायचा. त्याला तुपाच्या घड्यात बसवून बाहेर काढायचं, मग जातकर्म, मग बारसं.

आई म्हणाली, "शास्त्रीबुवा, ह्यांना बुडवायला तूप आणू कुठून? अख्खा ठठेरी बाजार पालथा घातला तरी एवढा घडा मिळायचा नाही."

सरदारजीला हे समजावून सांगितल्यावर तो खूश झाला. म्हणाला, तूप अंगाला लावा नाहीतर पोटात घाला, माझी हरकत नाही. शेवटी शास्त्रीबुवांनी दर्भानं कपाळाला तुपाचं बोट लावण्यावर तडजोड केली. पितृपक्षात बारसं होत नाही, म्हणून तो गयेला जाऊन आला आणि घटस्थापनेच्या दिवशी आमच्या ओसरीवर गल्लीतल्या सगळ्या मराठी बायका जमल्या. पाळणा शेजाऱ्यांकडून आणला होता. सव्वासहा फुटांचं बाळ पाळण्यात मावेना. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा त्यानं शांतपणे पट्टे सोडले, लाकडी पाय काढला आणि पाळण्यात ठेवला. बायकांनी त्या पायाला कुंची घातली, झोका दिला, पाळणा म्हटला. माझ्या आत्यानं त्याच्या कानात नाव सांगितलं, हरनाम, आणि चालीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. बाबा कोपऱ्यात उभे राहून इतके हसत होते की आईनं त्यांना पाणी नेऊन दिलं. ती मला म्हणाली, "शकू, हे असे हसतात हे मला माहीतच नव्हतं गं."

पुढच्या सव्वीस जानेवारीला बाबा आपण होऊन आमच्या शाळेत गेले. कोट इस्त्रीचा, गळ्यात झेंडूचा हार. मी पहिल्या रांगेत. ते हिंदीत बोलले, जेमतेम दोन मिनिटं. म्हणाले, "मुलींनो, तुम्ही मला शूर म्हणून बोलावलंत. मी त्या दिवशी फार भ्यालो होतो. भ्यालेल्या अवस्थेत मी माझं काम केलं, आणि नीट केलं. पण ते मलाच वीस वर्षं ठाऊक नव्हतं, कारण सांगणारा माणूस समोर आला नाही. तेवढ्यासाठी आज आलोय. कुणी तुमचं भलं केलं असेल तर त्याला जाऊन सांगा. त्याला माहीत असेल असं धरून चालू नका." एवढं बोलून ते खाली बसले.

पुढे मी विश्वविद्यालयात शिकले, तिथंच बिनतारी यंत्रविद्या शिकवली, माझी मुलगी आज विमानतळावर विमानांशी बोलायचं काम करते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी रजा काढून घरी राहिले होते. एका दुपारी त्यांना बरं वाटत होतं. मी त्यांचे पाय चेपत बसले होते आणि मला त्यांचं ते भाषण आठवलं. मी इतकी वर्षं शिकवत होते, आणि मीच त्यांना सांगितलं नव्हतं.

म्हटलं, "बाबा, मी नववीत असताना तुम्ही एक बंद पडलेला रेडिओ माझ्यापुढे ठेवलात आणि काही न बोलता दुकानातून उठून गेलात. तासभर आला नाहीत. मी तो एकटीनं सुरू केला. तुमचा माझ्यावर एवढा भरवसा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पुढचं सगळं त्याच्यावर झालं."

बाबांचे डोळे भरून आले होते.

"असं होय?" ते म्हणाले. "मी तर चहा प्यायला गेलो होतो."